टीबीच्या गोळ्या एक दिवसाआड दिल्या तर चालतील का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. मी घरी विड्या वळते, मालक यंत्रमागावर आहेत, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. त्यांचं वय ४४, वजन ५८ किलो, चार वर्षांपासून शुगर आहे. पाच आठवड्यांपूर्वी फुप्फुसाचा टीबी निघाला. महापालिकेच्या आरोग्य केंद्रातून रोज ४ गोळ्या चालू झाल्या. खोकला थांबला, ताप गेला. पण गोळ्या घेतल्या की मळमळतं, दोन-तीनदा उलटी झाली, लघवी लालभडक होते, गुडघे धरतात. शेजारणी म्हणतात, औषध गरम आहे, लिव्हर जाळतं. सासूबाईंच्या सांगण्यावरून गेले १२ दिवस मी एक दिवसाआड आणि चारऐवजी तीनच गोळ्या देतेय. आशाताईंना सांगितलं नाही. सांगितलं तर औषध बंद करतील आणि सगळं पहिल्यापासून सुरू होईल अशी भीती वाटते. घरात चार वर्षांचा मुलगाही आहे. मी मालकांचं लिव्हर वाचवतेय की नुकसान करतेय?

उत्तर:

ताई, उद्या सकाळीच मालकांना घेऊन आरोग्य केंद्रात जा. सोबत गोळ्यांची पाकिटं, उपचार कार्ड आणि शुगरच्या गोळ्या घ्या, आणि १२ दिवसांत नेमक्या किती गोळ्या पोटात गेल्या ते खरं सांगा. तुम्ही हे काळजीपोटी केलंत हे पत्रातून कळतं. पण गोळ्या कमी केल्यानं लिव्हर वाचत नाही, आणि टीबीच्या जंतूला मात्र उसंत मिळते.

त्याआधी आज एक गोष्ट बघून घ्या. दिवसाच्या उजेडात, दारात किंवा खिडकीशी त्यांना बसवा. ट्यूबलाइटखाली नको, त्या उजेडात फसायला होतं. त्यांना खाली पायाकडे बघायला सांगा आणि वरची पापणी अंगठ्यानं हलकेच वर उचला. बुबुळाच्या वरचा जो पांढरा भाग एरवी झाकलेला असतो तो दिसेल. तो पांढरा असायला हवा. कोपऱ्यातला मळकटपणा किंवा धुळीनं आलेली लाली यांचा विचार करू नका. पण पांढऱ्या भागावर सगळीकडे पिवळी झाक असेल, किंवा उलट्या थांबत नसतील, अन्नावरची वासनाच उडाली असेल, उजव्या बरगडीखाली दुखत असेल, तर पुढचा डोस देऊ नका आणि सकाळची वाट न बघता आजच सिव्हिलला न्या. अशा वेळी चारही औषधं थांबवायची असतात. ‘ही एक झेपत नाही, बाकीच्या देते’ असं घरी कधीच करायचं नाही.

डोळ्यांवर एवढा भर देण्याचं कारण त्यांची लाल लघवी. या गोळ्यांत रिफाम्पिसिन नावाचं औषध असतं, त्याचा रंगच लालसर केशरी. ते लघवीतून, घामातून, अश्रूंतून, थुंकीतूनही बाहेर पडतं. डोस घेतल्यावर काही तासांतच लघवी लाल होते आणि पुढच्या डोसच्या वेळेपर्यंत फिकी पडत जाते. हा रंग अपाय करत नाही, लघवीतून रक्त जात नसतं, आणि यात उष्णतेचा काही संबंध नाही. बनियनवर केशरी डाग दिसले तरी घाबरू नका. अडचण वेगळीच आहे. कावीळ झाली तरी लघवी गडद होते आणि या रंगात ती झाकली जाते. म्हणून टीबीच्या रुग्णाची कावीळ लघवीवरून ओळखायची नाही, डोळ्यांवरून ओळखायची. रिफाम्पिसिननं डोळ्याचा पांढरा भाग पिवळा होत नाही.

शेजारणींचं म्हणणं अगदीच निराधार नाही. चारपैकी तीन औषधांचा, म्हणजे आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड यांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो, आणि तो बहुतेक वेळा पहिल्या दोन महिन्यांत दिसतो. मालक सध्या त्याच काळात आहेत. पण असा त्रास कोणाला होईल हे बरंचसं त्या माणसाच्या शरीरावर ठरतं. चाराच्या तीन केल्या म्हणून ज्याला व्हायचा त्याला तो टळेल असं धरून चालता येत नाही. लिव्हरची खरी राखण होते ती वेळेत रक्त तपासल्यानं आणि दारू पूर्ण बंद ठेवल्यानं. यात शिंदी-ताडीही आली.

आता ४ गोळ्याच का, ते पाहू. सरकारी पाकिटातली प्रत्येक गोळी चार औषधं एकत्र केलेली असते: आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. किती गोळ्या द्यायच्या ते वजनावर ठरतं. ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ किलोला चार, ६५ ते ७५ किलोला पाच. रिफाम्पिसिन दर किलोला साधारण १० मिलिग्रॅम लागतं, ८ च्या खाली जाऊन चालत नाही. मालकांच्या ५८ किलोला चार गोळ्यांतून ६०० मिलिग्रॅम मिळतं, म्हणजे बरोबर. तीन गोळ्यांतून ४५० मिळतं, म्हणजे किलोमागे पावणेआठ. आणि तेही एक दिवसाआड! दोन दिवसांत १२०० जायला हवं तिथं ४५० जातंय.

फुप्फुसात पोकळी झाली असेल तर तिथं कोट्यवधी जंतू असतात. त्यांत साधारण दहा लाखांत एखादा जन्मतःच आयसोनियाझिडला न जुमानणारा निघतो, आणि दहा कोटींत एखादा रिफाम्पिसिनला. दोन्हींना पुरून उरणारा जंतू जवळजवळ सापडत नाही, म्हणून ही औषधं एकत्र आणि पूर्ण मात्रेत देतात. मात्रा तोकडी पडली की साधे जंतू मरतात आणि चिवट तेवढे मागे राहून वाढतात. खोकला थांबला, ताप गेला, हे झपाट्यानं वाढणारे जंतू मेल्याचं लक्षण आहे. संथपणे वाढणारे अजून आत आहेत. पुढचे महिने त्यांच्यासाठीच असतात. पहिल्या दोन महिन्यांत ५६ डोस, नंतरच्या चार महिन्यांत ११२.

मध्ये खंड पाडून रिफाम्पिसिन देण्याचा आणखी एक धोका फारसा कोणी सांगत नाही. रोज घेतल्यास शरीर ते सहसा निमूट सोसतं. थांबत-थांबत घेतलं तर काहींचं शरीर त्याच्याविरुद्ध उठतं. डोसनंतर दोन-तीन तासांत थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं. क्वचित प्लेटलेट्स घसरतात, अंगावर जांभळे ठिपके उठतात, किडनीवर ताण येतो. या १२ दिवसांत गोळी दिलेल्या दिवशीच हुडहुडी भरली असेल, तर ते उद्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

त्रास सांगितला की औषध बंद होईल, ही भीती मनातून काढून टाका. साधी मळमळ असेल तर औषध चालूच राहतं, वेळ आणि खाणं बदललं की भागतं. रक्त तपासणीत लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले तरी किती वाढले ते बघतात. त्रास नसताना थोडे वाढले असतील तर लक्ष ठेवून औषध चालू ठेवतात. मळमळ-उलटीसारखा त्रास असून आकडा कमाल मर्यादेच्या तिप्पट, किंवा काहीच त्रास नसताना पाचपट झाला, तर सगळी औषधं थांबवतात. आकडे उतरले की काही दिवसांच्या अंतरानं एकेक औषध पुन्हा सुरू करतात, म्हणजे बाधणारं कोणतं ते सापडतं. मग ते वगळून उपचार पुरा करतात. तुमचे चुकलेले डोसही बहुधा शेवटी जोडले जातील, पण तो निर्णय डॉक्टरांचा, आणि त्यासाठी खरा हिशेब त्यांच्यापुढे हवा. कार्डावर रोजची खूण आणि पोटात निम्म्याच गोळ्या असं झालं, तर दोन महिन्यांनंतरच्या थुंकीच्या तपासणीत जंतू दिसल्यावर ते का दिसले हेच कोणाला कळणार नाही.

मळमळीचं पाहू. या गोळ्या उपाशीपोटी, खाण्याआधी तासभर किंवा खाल्ल्यावर दोन तासांनी घेतल्या तर उत्तम शोषल्या जातात. पण उपाशीपोटी उलटीच होत असेल तर तो नियम धरून बसायचं नाही. थोडं कोरडं, बिनतेलाचं काही खाऊन गोळ्या घ्याव्यात. आपल्याकडची कडक भाकरी यासाठी छान, नाहीतर इडली किंवा मऊ भात. शेंगाचटणी आणि तेलकट कालवण मात्र नंतरच्या जेवणाला ठेवा, तेला-तुपाबरोबर औषध नीट शोषलं जात नाही आणि मळमळही वाढते. चारही गोळ्या एकाच वेळी पाण्याबरोबर घ्यायच्या. दोन सकाळी, दोन संध्याकाळी अशी वाटणी करू नका, रिफाम्पिसिनची रक्तातली पातळी एकदा पुरेशी उंच जावी लागते. जळजळ होते म्हणून गुलाबी किंवा पांढरं पातळ औषध देत असाल तर ते गोळ्यांनंतर निदान दोन तासांनी द्या. त्यातल्या ॲल्युमिनियममुळे आयसोनियाझिड कमी शोषलं जातं. गोळ्या घेतल्यावर उलटी झाली तर घड्याळ बघा, उलटीत गोळ्या दिसल्या का ते बघा, आणि पुन्हा डोस द्यायचा का ते फोन करून विचारा.

पाळी बदलते म्हणून वेळ चुकते हाही तुमच्या घरचा प्रश्न असणार. दिवसपाळीच्या आठवड्यात कामाला निघण्याआधी आणि रात्रपाळीच्या आठवड्यात घरी परतल्याबरोबर, असं बांधून घ्या. दोन्ही वेळा सकाळच्याच राहतात, तास-दीड तासाच्या फरकानं काही बिघडत नाही. सकाळ सोसतच नसेल तर झोपण्यापूर्वी घेण्याचा पर्याय डॉक्टरांना विचारा. डोस विसरला आणि त्याच दिवशी आठवला तर लगेच द्या. दुसऱ्या दिवशी आठ गोळ्या द्यायच्या नाहीत.

मळमळीचा दोष सगळा टीबीच्या गोळ्यांना देण्याआधी शुगरची गोळी तपासा. ती मेटफॉर्मिन असेल तर तिनंही मळमळतं, उपाशीपोटी घेतली तर जास्तच. दोन्ही एका घोटात देत असाल तर त्यांच्यात अंतर ठेवा आणि मेटफॉर्मिन जेवणाबरोबर द्या. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर वेगळी गोष्ट होते. रिफाम्पिसिन लिव्हरला कामाला लावून ती गोळी लवकर संपवायला लावतं, आणि पूर्वीच्याच डोसवर शुगर चढते. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, स्टेरॉइड यांचंही असंच होतं. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात, अगदी दात काढायला गेलात तरी, टीबीचं औषध चालू आहे हे आधी सांगा. हे लपवण्याकडे आपल्याकडे फार कल असतो. कामावर कळेल, सोयरिकीत कळेल. ज्यांना सांगायचं नाही त्यांना सांगू नका, पण औषध लिहिणाऱ्यापासून आणि औषध देणाऱ्यापासून ते लपवू नका.

गुडघेदुखी बहुधा पायराझिनामाइडमुळे आहे. त्यानं रक्तातलं युरिक ॲसिड वाढतं. त्रासदायक असलं तरी पहिल्या दोन महिन्यांनंतर हे औषध थांबतं आणि दुखणं सहसा ओसरतं. तोवर दुकानातून वेदनाशामक आणून देऊ नका. शुगर असलेल्या माणसाच्या किडनीला काही वेदनाशामकं बाधतात, आणि पॅरासिटामॉलचा मारा लिव्हरला. कोणतं, किती दिवस, ते डॉक्टरांना विचारून. सांधा सुजून लाल झाला तर मात्र लगेच दाखवा.

पायांना मुंग्या, तळव्यांची आग हे आयसोनियाझिडमुळे होतं, आणि मधुमेहानंही होतं. मालकांना दोन्ही कारणं लागू आहेत. म्हणून त्यांना पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, रोज १० मिलिग्रॅम मिळतंय का ते उद्या विचारा. बारीक गोळी असते, गठ्ठ्यात मागे पडते.

डोळ्यांचं जरा सविस्तर सांगते, कारण हे घरीच लवकर पकडता येतं आणि उशीर केला तर नजर जाऊ शकते. इथॅम्ब्युटॉलचा क्वचित डोळ्याच्या नसेवर परिणाम होतो. दुखत नाही, लाल होत नाही. नजर मंद होते, किंवा लाल-हिरवा रंग फिका वाटू लागतो. दर रविवारी एकाच जागी, सारख्याच उजेडात मालकांना भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर ठरलेल्या अंतरावर उभं करा. एक डोळा तळहातानं झाका, दाबू नका. रविवारचे लाल आकडे वाचायला सांगा, मग दुसऱ्या डोळ्यानं. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं तर चांगला डोळा बिघडलेल्याला सांभाळून घेतो आणि काही कळत नाही. गेल्या रविवारी वाचलेला आकडा आज पुसट दिसला, लाल रंग विटल्यासारखा वाटला, किंवा मागावर धाग्यांच्या रंगांत गल्लत व्हायला लागली, तर पुढचा डोस देण्याआधी त्याच दिवशी दवाखाना गाठा. शुगर वर-खाली झाल्यानंही नजर अंधुक होते, पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं. किडनी कमजोर असेल तर हे औषध अंगात साचतं, म्हणून मधुमेह्याची किडनीची तपासणी झालेली असावी.

अंगाला थोडी खाज येणं चालतं. पुरळ उठून ताप आला, तोंडात फोड आले किंवा कातडी सोलवटली, तर गोळ्या थांबवून सरळ सिव्हिल.

काविळीची शंका आली की माळ घालणं, झाडपाल्याचा रस देणं हे आपल्याकडे लगेच सुरू होतं. ताई, ते करू नका. दुखावलेल्या लिव्हरवर अनोळखी पाल्याचा भार पडतो आणि त्यात दोन-तीन दिवस जातात. तेच दिवस महत्त्वाचे असतात.

गोळ्या कुठे ठेवता? पत्र्याच्या घरात मे महिन्यात आतलं तापमान बाहेरच्या बेचाळिशीच्याही वर जातं. या एकत्रित गोळ्यांना ऊन आणि ओल दोन्ही सोसत नाहीत. गोळी चकचकीत पट्टीतून घ्यायच्या वेळीच काढा, आठवड्याच्या काढून डबीत भरू नका. पट्ट्या घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीलगतच्या थंड कोपऱ्यात पण ओल नसलेल्या जागी ठेवा. चुलीजवळ, टीव्हीवर किंवा माठाच्या तिवईखाली नको. आणि डब्याला कुलूप हवं, कारण घरात चार वर्षांचं मूल आहे. आयसोनियाझिडच्या मोजक्या जादा गोळ्यांनीही लहान मुलाला झटके येऊ शकतात. मुलानं गोळ्या खाल्ल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवत बसू नका. पाकीट घ्या आणि थेट रुग्णालयात जा.

त्या मुलाची आणि तुम्हा सगळ्यांची तपासणी झाली का, हे पत्रात नाही. झाली नसेल तर उद्याच तेही सांगा. घरात फुप्फुसाचा टीबी असला की पाच वर्षांखालच्या मुलाला सगळ्यात जास्त जपावं लागतं. टीबी नसल्याची खात्री झाल्यावर त्याला प्रतिबंधक औषध देतात, मात्रा वजनावर. मोठ्यांनाही ते मिळू शकतं. आठवड्यातून एकदा असे १२ डोस, हा त्यातला एक प्रकार. त्यात रिफापेंटिन असतं. तुम्ही किंवा घरातली दुसरी कोणी बाई गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर त्यावर विसंबू नका. रिफाम्पिसिन आणि रिफापेंटिन दोन्हींमुळे त्या गोळ्या निकामी ठरतात. कंडोम किंवा तांबीबद्दल विचारून घ्या. आणि घरात कोणाला खोकला लागला तर दुकानातून लेव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक आणू नका. त्यानं टीबी तात्पुरता दबतो, निदान लांबतं, आणि नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या (प्रतिरोधी) टीबीवर उपयोगी पडणारं औषध आधीच बोथट होतं.

सासूबाईंवर रागावू नका. त्यांना सोबत न्या. त्या तेलुगू बोलत असतील तर केंद्रातल्या तेलुगू येणाऱ्या सिस्टरनी दोन वाक्यं त्यांच्याशी बोललेली तुमच्या शंभर वाक्यांपेक्षा उपयोगी पडतील.

उद्या केंद्रात मागायचं ते असं: लिव्हरची आणि किडनीची तपासणी, उपाशीपोटीची शुगर, बी-६, आणि आजचं वजन. वजन पाच किलोनं बदलून गट ओलांडला तर गोळ्यांची संख्या बदलावी लागते. पोषण आहारासाठी महिन्याला १००० रुपयांच्या हिशेबानं पैसे बँक खात्यात यायला हवेत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम ५०० वरून वाढली आहे. येत नसतील तर खात्याचा तपशील तपासून घ्या. शंका आली तर टीबीसाठीच्या सरकारी निक्षय हेल्पलाइनचा मोफत क्रमांक १८००-११-६६६६. औषधाचा दुष्परिणाम नोंदवायचा असेल तर १८००-१८०-३०२४, रुग्णाचे नातेवाईकही नोंदवू शकतात.

आणि सहा महिने पुरे झाले की शुगरचा विषय पुन्हा काढा. रिफाम्पिसिन बंद झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत त्याचा प्रभाव उतरतो. उपचारादरम्यान शुगरच्या गोळ्या वाढवल्या असतील आणि त्या तशाच चालू राहिल्या तर शुगर एकदम खाली येऊन रात्रपाळीत, चालू मागाशेजारी घेरी येऊ शकते. शेवटच्या डोसची तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि त्याच आठवड्यात शुगरच्या डॉक्टरांकडे जायचं हेही त्याच चौकोनात लिहून ठेवा.